सोमवारची टाकी

भाऊसो बंडगर दारू पीत नव्हता, आणि त्याचं कारण पित्त होतं. पंचविशीत असताना चुलतभावाच्या लग्नात कुणीतरी त्याच्या हातात अर्धा ग्लास बिअर दिली. पुढचे दोन दिवस तो मांडवामागं ओकत बसला आणि वरात बघायची राहून गेली. तेव्हापासून त्यानं ते प्रकरण सोडलं. ह्यात निग्रह, विचार, वाचन असलं काही नव्हतं. पण जतच्या बाजूला त्याचं जे गाव आहे तिथं व्यसनमुक्ती समिती निघाली आणि समितीला सत्काराला माणूस मिळेना. अध्यक्ष अर्जुनातात्यांनी चार आळ्या पालथ्या घातल्या आणि शेवटी सांगलीजवळ कुपवाडला राहणाऱ्या भाऊसोला फोन लावला. शाल, नारळ आणि ‘निर्व्यसनी ग्रामरत्न’ लिहिलेली फ्रेम. भाऊसो माईकवर पित्ताबद्दल खरं ते सांगायला लागला, तर तात्यांनी माईकच काढून घेतला.

घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पण लहानपणी भाऊसोचा पाय मोडला आणि वाकडा जुळला, तेव्हा बापानं ठरवलं की हे पोरगं कळपामागं चालायचं नाही. एकोणिसाव्या वर्षी तो कुपवाडला आला, दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागला. पहिली दोन वर्षं नुसतं घासणं, मग आर्गन वेल्डिंग. पत्र्याला पत्रा जोडायचा आणि जोड कुठं आहे ते बोटाला कळू द्यायचं नाही, हे त्याला असं काही जमलं की पुढं स्वतःची शेड टाकली तेव्हा गिऱ्हाईक शोधत आलं. शेडला बायकोचं नाव दिलं, रंगुबाई फॅब्रिकेटर्स.

त्याची आणखी एक ख्याती होती. नाकाची. एखाद्या डेअरीत दूध उगाच नासायला लागलं की मालक भाऊसोला गाडीवर घालून न्यायचे. भाऊसो टाकीच्या झाकणातून डोकं आत घालायचा, एकदा हुंगायचा आणि सांगायचा, ‘खालच्या व्हॉल्व्हचं रबर काढा.’ रबर काढलं की मागं आठवड्याची साय सापडायची. त्यात चमत्कार नव्हता. बहुतेक डेअऱ्यांत धुणारा माणूस रविवारी सुट्टीवर असतो, आणि सोमवारी सकाळी टाकी उघडल्यावर जो वास येतो तो भाऊसोनं तीस वर्षं घेतला होता.

मग पुण्याहून दाढीवाली मुलं यायला लागली. त्यांना टाक्या हव्या होत्या, पण खालून निमुळत्या, भोवऱ्यासारख्या टोकाच्या, आणि अंगाला दुहेरी पत्रा. भाऊसोनं विचारलं, असल्या टाकीत दूध कसं ठेवणार. मुलं हसली. दूध नव्हे, बिअर. भाऊसोनं दोन मिनिटं विचार केला. पत्रा तोच, आर्गन तोच, जोड तोच. काम घेतलं. फक्त ती फ्रेम घरात भिंतीवर होती, म्हणून घरी सांगितलं की ताकाच्या टाक्या आहेत. अर्जुनातात्यांनी एकदा फोनवर विचारलं तेव्हा त्यांनाही तेच.

‘पुण्यात एवढं ताक?’ तात्या म्हणाले.

‘लय पित्यात,’ भाऊसो म्हणाला.

सहा वर्षं पुण्यानं त्याच्या टाक्यांतून ताक प्यालं. मग सांगलीचा राजवर्धन आला.

राजवर्धन हळदीच्या पेठेतल्या व्यापाऱ्याचा मुलगा. सात वर्षं बंगळुरूला कॉम्प्युटरसमोर बसून आला होता. बापाची अपेक्षा होती की आता हा गादीवर बसेल, पण हळदीच्या धुरळ्यानं त्याला शिंका यायच्या. त्याच्या डोक्यात सांगली-मिरज रस्त्यावर स्वतःच्या बिअरचं ठिकाण काढायचं होतं. परवाना मिळवला, जागा घेतली, नाव ठेवलं ‘पिंप’. आणि बंगळुरूहून जयराज नावाचा एक तज्ज्ञ आणला. जयराज मूळचा कराडचा, पण बेल्जियमला तीन महिने राहून आल्यापासून मराठी बोलताना मध्ये थांबून शब्द शोधायचा. शब्द सापडला नाही की डोळे मिटायचा.

टाक्यांची ऑर्डर भाऊसोला मिळाली. ऑर्डरबरोबर आणखी एक काम गळ्यात पडलं. राजवर्धन म्हणाला, ‘काका, आधी आपल्याला इथला लोकल ड्रिंक्स सीन एक्स्प्लोर करायचाय. तुम्ही सगळीकडं फिरलेले. चार दिवस आमच्याबरोबर या.’

भाऊसोला त्यातलं ‘चार दिवस’ तेवढं कळलं. तो गेला.

पहिल्या दिवशी सांगलीतच गोटीसोडा. जयराजनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘ह्यात काहीतरी आहे. एक तीक्ष्ण, हिरवी… कशी सांगू, एक बालपणीची नोट.’

सोडावाला म्हणाला, ‘लिंबू हाय.’

जयराजनं वहीत बालपण लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर काकवी. तिसऱ्या दिवशी साताऱ्याकडं, घाटाच्या पायथ्याला एका टपरीवर जांभळाचं सरबत. टपरीवाल्या बाईला राजवर्धननं विचारलं, ही रेसिपी किती पिढ्यांची. बाई म्हणाली, गेल्या मे महिन्यात सुरू केली, भाचीनं मोबाईलवर दाखवली. हे मात्र वहीत लिहिलं गेलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी ते भाऊसोच्या घरी जेवायला थांबले. रंगुबाईनं ज्वारीची आंबील दिली. ज्वारीचं पीठ रात्रभर भिजत घालून आंबवायचं आणि सकाळी शिजवून ताकात कालवायचं, एवढंच. उन्हाळ्यात त्यांच्याकडं रोज असायची. राजवर्धननं वाटी उंच धरून फोटो काढला.

‘काकू, तुम्हाला कल्पना आहे का हे काय आहे?’ तो म्हणाला. ‘हे वाइल्ड फर्मेंटेशन आहे. जगभर लोक हे करायला धडपडतायत.’

‘का?’ रंगुबाईनं विचारलं. ‘त्येंच्याकडं जुंधळं न्हाईत?’

जयराजनं विचारलं की पीठ आंबवताना भांडं कसलं वापरता, त्या भांड्यात एखादी जुनी स्मृती शिल्लक राहते का.

‘भांडं घासून पालथं घालते,’ रंगुबाई म्हणाली. ‘काय शिल्लक ऱ्हात न्हाई.’

जयराज जरा नाराज झाला. जाताना गाडीजवळ त्यानं राजवर्धनला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. भाऊसोला त्यातला ‘अथेंटिक’ हा शब्द कळला, कारण तो पुण्याच्या मुलांच्या तोंडी सारखा असायचा आणि तो आला की टाकी द्यायची तारीख अलीकडं यायची.

तशी ती आलीच. भाऊसोनं आठ दिवस आधी टाक्या उभ्या केल्या. शेवटच्या दिवशी जयराजला टाकीखाली बसवून दाखवलं, हा व्हॉल्व्ह दर वेळी खोलायचा, हे रबर बाहेर काढायचं, मागून ब्रश फिरवायचा. ‘एवढं केलंसा तर वीस वरीस टाकीला बघाय नगं,’ तो म्हणाला. जयराजनं हे सगळं मोबाईलवर चित्रित केलं, खाली गाणं जोडलं आणि हजारभर लोकांना दाखवलं. त्या हजारांपैकी कुणालाही टाकी धुवायची नव्हती. ज्याला धुवायची होती त्यानं ते परत पाहिलं नाही.

हळद आणि गूळ घातलेली पहिली बिअर तयार झाली. उद्घाटनाला संध्याकाळी सहा वाजता सांगलीतली निवडक माणसं बोलावली. दातांचे डॉक्टर होते, दोन बिल्डर होते, एक निवृत्त प्राध्यापक होते, आणि एक गृहस्थ, जे अमेरिकेत मुलाकडं जाऊन आल्यापासून प्रत्येक वाक्य ‘तिकडं’नं सुरू करत. टाकी बनवणारा म्हणून भाऊसोलाही पहिल्या रांगेत बसवलं. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता.

ग्लास आले. पिवळेजर्द. भाऊसो पिणार नव्हता, पण ग्लास नाकाखाली आला आणि त्याला एकदम शंका राहिली नाही. खालचा व्हॉल्व्ह. रबर.

त्यानं आजूबाजूला बघितलं. दातांच्या डॉक्टरांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा, लिंबू चोखलेल्या माणसाचा होतो तसा, आधी आक्रसला. मग त्यांनी शेजारच्या बिल्डरकडं पाहिलं. बिल्डर मान डोलावत होता. डॉक्टरांनी चेहरा पुसून घेतला आणि तेही मान डोलावू लागले. बिल्डरनं ते पाहिलं आणि त्याला धीर आला.

‘कॉम्प्लेक्स आहे,’ प्राध्यापक म्हणाले.

‘तिकडं हे सहज मिळत नाही,’ अमेरिकेवाले म्हणाले.

जयराज पुढं आला. त्याला बहुधा पहिल्या घोटातच कळलं होतं की काहीतरी बिघडलंय, पण बेल्जियम कामाला आलं. तो म्हणाला, ‘ह्या बिअरमध्ये तुम्हाला ओल्या घोंगडीचा वास येईल. घाबरू नका. युरोपात घोड्याच्या घोंगडीचा वास ही सर्वोच्च पदवी समजतात.’

सगळ्यांना लगेच घोंगडीचा वास आला. भाऊसोला आला नाही. त्याचा आजा घोंगडीत जन्मला आणि घोंगडीत गेला. ओल्या घोंगडीला लोकरीचा, पावसाचा आणि मेंढराचा वास येतो. आणि तो सगळ्या गावाला यायचा, पण कुणी पदवी दिली नव्हती. हा वास घोंगडीचा नव्हता.

राजवर्धननं माईक त्याच्या हातात दिला. ‘काका, तुम्ही सांगा. तुमच्या टाकीतून जन्मलेली ही पहिली बिअर.’

भाऊसोला गप्प बसता आलं असतं. पण सत्काराच्या वेळी माईक काढून घेतला होता, आज तो कुणी काढत नव्हता. तो उठून उभा राहिला.

‘ही खराब झालीय,’ तो म्हणाला. ‘खालचा व्हॉल्व्ह धुतला न्हाई. सोमवारी सकाळी डेअरीची टाकी उघडली की असा वास येतोय. ओतून टाका. मी रबर खोलून देतो.’

मग प्राध्यापक हळूच म्हणाले, ‘सोमवारी सकाळी उघडलेली टाकी. वा.’

‘काय इमेज आहे,’ दातांचे डॉक्टर म्हणाले.

टाळ्या पडल्या. भाऊसोनं परत सांगितलं, खरंच खराब आहे, पोट बिघडंल. लोक आणखी हसले, आणि जयराजनं वही काढून ते वाक्य जसंच्या तसं उतरून घेतलं. पुढच्या आठवड्यात ‘पिंप’च्या भिंतीवर बिअरचं नवं नाव खडूनं लिहिलेलं होतं. ‘सोमवारची टाकी.’ खाली बारीक अक्षरात, ‘डेअरी, घोंगडी आणि हळद. धाडसी जिभांसाठी.’

ती तुफान चालली. मिरजेहून, कोल्हापूरहून गाड्या यायला लागल्या. लोक पहिल्या घोटाला तोंड वाकडं करायचे, ते तोंड मोबाईलमध्ये पकडायचे आणि दुसऱ्यांना पाठवायचे, मग ते दुसरे यायचे. एका स्थानिक पेपरात भाऊसोचा फोटो आला, सदऱ्यात, हातात माईक, समोर ग्लास. खाली छापलं होतं, ‘बिअरच्या टाकीचे जनक’.

भाऊसोनं सकाळी सहाला तो पेपर घडी करून चड्डीच्या खिशात घातला. रंगुबाई चहा गाळत होती. ती मागं न बघता म्हणाली, ‘फुटू बरा आलाय. सदरा शोभतोय.’

‘तुला कवा दिसला?’

‘शेजारच्या बनुबाईनं रातीच मोबाईलवर दावला.’

भाऊसो खाली बसला. ‘ताकाच्या टाक्या म्हनून सांगितलं व्हतं तुला.’

‘आवं, ताकाची टाकी बघाय पुण्यास्नं कानात बाळ्या घातलेली पोरं येत्यात व्हय?’ रंगुबाईनं चहा पुढं ठेवला. ‘सा वर्सं झाली मला ठावं हाय. तुमी सांगंपतूर थांबले व्हते. आज बी तुमी सांगितलंच न्हाई, पेपरानं सांगितलं.’

भाऊसोनं कप बाजूला सारला. फ्रेमकडं बघत तो म्हणाला, ‘गावात काय म्हनत्याल.’

गावात समितीची तातडीची बैठक झाली. ग्रामरत्न परत घ्यायचं की नाही, ह्यावर दोन तास चर्चा. एक गट म्हणाला, टाकी करणारा आणि पिणारा सारखाच. दुसरा म्हणाला, मग बैल देणारा शर्यतीला दोषी आणि चिंध्या विकणारा मशालीला. अर्जुनातात्यांनी तोडगा काढला, की माणूस प्रत्यक्ष पितो का हे पाहिल्याशिवाय निर्णय घेणं योग्य नाही. म्हणून अध्यक्षांसह समितीचे सात सदस्य भाड्याची जीप करून सांगलीला पाहणीसाठी आले. पाहणी ‘पिंप’मध्येच करणं भाग होतं. राजवर्धननं त्यांना खिडकीजवळचं मोठं टेबल दिलं.

पाहणी अडीच तास चालली. भाऊसोला बोलावून एका कडेला बसवलं होतं, लिंबूपाणी घेऊन. समितीनं आधी गव्हाची पाहिली, मग गुळाची पाहिली, मग तात्या म्हणाले की ज्या टाकीवरून वाद आहे ती न पाहता जाणं हा भाऊसोवर अन्याय होईल. सोमवारची टाकी पाहून झाल्यावर तात्यांनी भाऊसोच्या खांद्यावर हात टाकला. त्यांचे डोळे भरून आले होते.

‘गड्या, तू एवढ्या ह्याच्या मधी ऱ्हाऊन पीत न्हाईस,’ ते म्हणाले. ‘माणूस न्हाईस रं तू.’

ठराव जीपमध्येच मंजूर झाला. ग्रामरत्न कायम. पुढची पाहणी तीन महिन्यांनी.

भाऊसोच्या मनातून मात्र ती टाकी जात नव्हती. त्याच्या हातची टाकी वास मारते, ही गोष्ट लोक कौतुकानं सांगत होते, आणि प्रत्येक कौतुकाला त्याला कानाखाली बसल्यासारखं व्हायचं. एका मंगळवारी ‘पिंप’ बंद असताना तो गेला, पाने घेतले, वाकडा पाय पसरून रिकाम्या टाकीखाली बसला आणि व्हॉल्व्ह खोलला. रबरामागं पिवळा, चिकट थर बोटभर साचला होता. त्यानं तो खरवडला, सोडा फिरवला, गरम पाणी फिरवलं, झाकणातून डोकं आत घातलं. पत्र्याचा थंड वास. कशाचाही वास नाही. त्या दिवशी त्याला घरी गेल्यावर दोन भाकरी जास्त लागल्या.

त्यानंतरची बिअर चांगली झाली. जयराजनं स्वतः चाखली आणि तोही म्हणाला, तांत्रिकदृष्ट्या चांगली आहे. गिऱ्हाईक म्हणालं, मजा नाही. पहिल्यासारखी राहिली नाही. आता पैशाच्या मागं लागले. दातांचे डॉक्टर पंधरा दिवस फिरकले नाहीत.

राजवर्धन आणि जयराज दोघंही कुपवाडच्या शेडवर आले. सकाळच्या पाळीच्या दुचाक्या अजून रस्त्यावरून जात होत्या, त्यामुळं जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं.

‘काका, नवीन टाक्या हव्यात,’ राजवर्धन म्हणाला. ‘विट्यातली एक पार्टी तयार आहे, कराडला जागा बघतोय. एकूण चार टाक्या. फक्त ह्या वेळी आतून इतकं गुळगुळीत नको.’

‘म्हंजी?’

जयराजनं समजावलं. तो वास खड्ड्यात राहतो. वेल्डिंगच्या आतल्या जोडाला बारीक खड्डे असतील तर मागचं थोडं पुढं जातं, त्याला कॅरॅक्टर येतं. भाऊसोच्या जोडाला खड्डेच नाहीत, ही मूळ अडचण आहे.

‘म्हंजी वाईट जोडू म्हनताय.’

‘वाईट नाही. रस्टिक.’

चार टाक्या म्हणजे वर्षभराचं काम. भाऊसोनं उद्या सांगतो म्हणून त्यांना लावून दिलं. दुपारी शेडमधली माणसं जेवायला बसल्यावर त्यानं भंगारातून दोन पट्ट्या काढल्या, तोंडावर काच ओढली आणि रस्टिक जोडायला बसला. हात ऐकेना. टॉर्च मुद्दाम अडखळवावा लागे, आणि अडखळला की मनगट आपोआप सावरून घेई. तीन वेळा करून चौथ्यांदा जमलं. काच वर करून बघितलं तर जोड असा दिसत होता, की वेल्डिंग शिकताना पहिल्या महिन्यात वस्तादानं त्याला शेडच्या बाहेर उन्हात उभं केलं होतं तेव्हाची आठवण झाली. त्यानं मागं वळून बघितलं, कुणी पाहिलं तर नाही. मग ग्राइंडर घेतला आणि दोन्ही पट्ट्या घासून सपाट केल्या.

राजवर्धनला त्यानं फोनवर सांगितलं, ‘मला ईत न्हाई.’

‘काका, रागावू नका, पण तुम्हाला व्हिजन नाही,’ राजवर्धन म्हणाला.

चार टाक्या चार शेडी सोडून असलेल्या दुसऱ्या एका फॅब्रिकेटरकडं गेल्या. तो बिचारा तीस वर्षं खड्ड्यांचेच जोड देत आला होता, आणि त्यासाठी तीस वर्षं शिव्या खात आला होता. आता बंगळुरूचा तज्ज्ञ त्याच्या टाकीत बोट फिरवून ‘अप्रतिम’ म्हणू लागला. माणूस चार दिवस कुणाशी नीट बोलला नाही, इतका हरखून गेला. ‘सोमवारची टाकी’ला पुण्याच्या एका बिअर महोत्सवात बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लिहिलं की ह्यात मातीचा प्रामाणिकपणा आहे. ते खोटं नव्हतं, कारण गाळ होताच.

भाऊसोकडं तीन महिने डेअरीचीच कामं होती. मग साताऱ्याहून संयोगिता नावाची एक बाई आली. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली, नवरा सैन्यातून निवृत्त. तिला ज्वारीची बिअर करायची होती, थोडीच, दोन छोट्या टाक्या. तिनं एक्स्प्लोर वगैरे काही म्हटलं नाही. शेडमधल्या तयार टाकीचं झाकण उघडलं, खिशातून छोटी बॅटरी काढली, आत डोकं घालून पाच मिनिटं जोड तपासला. मग बाहेर येऊन केसाला लागलेला चुरा झटकत म्हणाली, ‘व्हॉल्व्ह हाताला येईल असा वर घ्या. मला गुडघ्यानं खाली बसता येत नाही, आणि रोज खोलायचा आहे.’

भाऊसोनं व्हॉल्व्ह वर घेतला. टाक्या उभ्या करायला तो आणि रंगुबाई दोघंही साताऱ्याला गेले, कारण रंगुबाईला एकदा बघायचंच होतं की हे प्रकरण काय आहे. दोन महिन्यांनी पहिली बिअर झाली तेव्हा संयोगिताबाईंनी दोघांना परत बोलावलं. समारंभ नव्हता. बाई, त्यांचा नवरा, स्टीलचे चार पेले. भाऊसोनं पेला नाकाशी धरला. ज्वारीचा, किंचित भाजलेला वास. आत काही लपलेलं नव्हतं.

सत्तावीस वर्षांनी त्यानं एक घोट घेतला. ग्रामरत्न फ्रेममध्ये होतं, फ्रेम कुपवाडला होती.

रंगुबाईनंही घेतला. तिनं तो तोंडात फिरवला, गिळला आणि पेला खाली ठेवला.

‘कसं हाय?’ भाऊसोनं विचारलं.

‘कडू हाय. पण सोच्छ हाय,’ ती म्हणाली.

संयोगिताबाई हसल्या आणि म्हणाल्या, बिअरबद्दल एवढं बस्स आहे. परतीच्या एस.टी.त कराडच्या पुढं भाऊसोच्या छातीत जळजळायला लागलं. रंगुबाईनं पिशवीतून पित्ताची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. तो ती पाण्याबरोबर घेऊन खिडकीला डोकं टेकून बसला, आणि कासेगाव यायच्या आत त्याला झोप लागली.